पोकळे सर

तांबोळी सर गेल्याचं मला पेपरातून कळलं. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात नखाएवढा फोटो आणि त्याखाली चार ओळी. शेवटची ओळ अशी होती, की त्यांच्या निधनाने शिक्षण व साहित्य क्षेत्रात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि एकटाच मोठ्यांदा हसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण गेलं?"

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ही ओळ ज्या माणसानं सगळ्यांत जास्त वेळा म्हटली, तीच शेवटी त्याच्या नावापुढं येऊन बसली. सर असते तर म्हणाले असते, "बघा गायकवाड, उधार दिलेलं कधीतरी परत येतंच." आणि मग त्यांच्या सवयीप्रमाणं, "असो."

मी खेळाचा शिक्षक. सर मराठीचे. नव्वदीच्या सुरुवातीला शिरूरच्या त्या कॉलेजात आमच्या टेबलांच्या मध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वरच्या फळ्यांवर सरांची पुस्तकं आणि खालच्या फळ्यांवर माझे हवा गेलेले व्हॉलीबॉल. दोघांच्याही मालात हवा नाही, असं प्राचार्य म्हणायचे. सर उंच, किडकिडीत, पाठीत जरा वाकलेले. चहा बशीत ओतून प्यायचे आणि शेवटचा घोट बशीतच ठेवायचे. का ठेवता विचारलं तर म्हणायचे, "संपवायची घाई कशाला?" घराण्याचा धंदा विड्याच्या पानांचा, पण सरांनी उभ्या जन्मात पान खाल्लं नाही. गाडी चालवायला शिकले नाहीत. माझ्या मोटारसायकलवर मागं, एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसायचे. बायकांसारखं बसू नका म्हटलं की म्हणायचे, "पडायचं झालं तर एकाच बाजूला पडू."

मराठीच्या तिसऱ्या वर्षाला एका पेपरात अस्तित्ववाद नावाचं प्रकरण होतं. विद्यापीठानं ते का ठेवलं होतं ते विद्यापीठाला ठाऊक. बाकीच्या कॉलेजांत ते ऑप्शनला टाकायचे, सर दिवाळीपर्यंत तेवढंच शिकवायचे. फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढायचे आणि आत काही काढायचे नाहीत.

"हे तुम्ही," म्हणायचे. "लोहार फाळ करतो तेव्हा तो फाळ कशासाठी, हे त्याला आधी ठाऊक असतं. तुम्हाला जन्माला घातलं तेव्हा तुम्ही कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत पोकळी आहे. ती तुम्ही कशानं भरता, तेवढेच तुम्ही. देवाकडं बोट दाखवू नका, आईबापाकडं दाखवू नका, जातीकडं दाखवू नका. निवड तुमची."

आता आमची मुलं कवठे येमाईपासून शिक्रापूरपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवरची. पोकळी हा शब्द त्यांनी जन्मापासून एकाच ठिकाणी ऐकलेला. आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होते, प्रवचन होतं आणि मग माईकवर एकेक जण येऊन श्रद्धांजली वाहतो. प्रत्येकाच्या जाण्यानं पोकळी निर्माण होते. त्यामुळं परीक्षेत एका मुलानं लिहिलं, 'कथेचा नायक अत्यंत मनमिळाऊ होता. त्याच्या अस्तित्वाने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो.' सरांनी ते उत्तर अख्ख्या स्टाफरूमला वाचून दाखवलं आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. मला यापेक्षा नेमकं लिहिता आलं नसतं, म्हणाले. पुढं कुणीतरी फळ्यावरच्या वर्तुळाला नाक-डोळे काढले आणि खाली 'प्रा. पोकळे' असं लिहिलं. तेव्हापासून ते पोकळे सर. नव्या मुलांना त्यांचं खरं आडनाव माहीतही नसायचं.

श्रद्धांजलीचा नाद त्यांना अपघातानं लागला. आमच्या हेडक्लार्कचे वडील गेले, प्राचार्य आजारी, म्हणून सरांना पुढं केलं. सर असे बोलले की आचारीसुद्धा डोळे पुसायला लागले. मग काय, जीपा यायला लागल्या. मेलेला माणूस सरांनी कधी पाहिलेला नसायचा. वाटेत जीपवाल्याला दोनतीन प्रश्न विचारायचे, बैल होते का, तमाशाचा शौक होता का, आणि माईकसमोर तो माणूस उभा करायचे. देव नाही, आत्मा नाही म्हणणारा माणूस, तोही मुसलमान, आणि नदीच्या घाटावर आत्म्याला शांती मागतोय. मी एकदा विचारलं, हे कसं काय बसतं तुमच्या पोथीत?

"मेलेल्याबद्दल खोटं बोललं तर कुणाचं काही बिघडत नाही, गायकवाड. जिवंतांना मात्र बरं वाटतं."

खुटबावला एका दशक्रियेत सूत्रसंचालकानं त्यांना 'प्राध्यापक पोकळे साहेब' म्हणूनच पुकारलं. भाषण झाल्यावर एक म्हातारे आबा सरकत सरकत जवळ आले.

"तुमी पोकळे म्हंजी कुठलं म्हनायचं?"

"शिरूरचे."

"त्ये हाय. पर मूळ?"

"मूळ काही नसतंच आबा. तेच शिकवतो मी."

"असं कसं! आमची पुतनी पोकळ्यांत दिलीया. काढली तर सोयरीक निघंल बघा."

पारगावचा पूल येईपर्यंत सर माझ्या पाठीमागं हसत होते. "एका शब्दात शहाण्णव कुळी झालो," म्हणाले. "अस्तित्व आधी, सोयरीक नंतर!"

घरी मात्र ते फारसे बोलत नसत. रुकसानाभाभी मला पाणी देताना म्हणायच्या, "लोगां के मय्यत पे घंटाभर बोलते, घर में मूँ में मूग भरके बैठते." सर वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

सिनेमाचंही वेड होतं. दौंडात वाढलेला माणूस. लहानपणापासून गाडीत बसून पुण्याला जायचं आणि कुणाला न कळणारे परदेशी सिनेमे बघून यायचं, ही सवय. एकदा त्यांनी असली एक कॅसेट मिळवून मुलांना दाखवली. त्यात एक माणूस खोलीत खुर्चीवर बसून खिडकीकडं बघत राहतो. बघतोच. महादूमामा शिपायाला वाटलं कॅसेट अडकली, त्यानं उठून टीव्हीला दोन थपडा दिल्या. "मामा, तो विचार करतोय," सर म्हणाले. मी म्हणालो, सर, असा माणूस बघायचा तर आपली स्टाफरूम काय वाईट आहे? सर मनापासून हसले. स्वतःवर हसता यायचं त्यांना. त्यामुळंच त्यांच्यावर रागावायला मला इतका उशीर लागला.

एकदा मी म्हटलं, शून्यवाद आणि अस्तित्ववाद यात फरक काय, ते माझ्यासारख्या कबड्डीवाल्याला कळेल असं सांगा. म्हणाले, "शून्यवादी म्हणतो, कशालाच अर्थ नाही, म्हणून तो झोपून राहतो. अस्तित्ववादी म्हणतो, कशालाच अर्थ नाही, म्हणून तो उठतो."

"आणि तुम्ही?"

"मी अनुदानित."

आणखी एक म्हणायचे. तिकडं दोन महायुद्धं झाली, शहरं जळली, तेव्हा कुठं त्या लोकांना शून्यवाद पटला. आपल्याकडं तो फुकट आहे. 'आपल्याला काय करायचंय' एवढं म्हटलं की झालं. एसटीत कुणी बाईला ढकललं, आपल्याला काय करायचंय. शेजारी पोरीला मारतोय, आपल्याला काय करायचंय. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. वर्गातली मुलं मान खाली घालायची. मीही एकदोनदा दाराशी उभं राहून ऐकलंय, आणि खरं सांगतो, छाती भरून यायची.

त्या वर्गात सुरेखा होती. कवठे येमाईची, पहिल्या बाकावरची. सर वर्तुळ काढून निवडीबद्दल बोलत होते, अमक्या कथेतला नायक क्षणोक्षणी कसा निवड करतो वगैरे. ही उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्यो दिवसभर निवड करतो म्हनता, मग त्याच्या घरचं तांदूळ कोन निवडतं?" वर्गात हशा फुटला. सर खडू हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "गायकवाड, आज एका पोरीनं सगळ्या युरोपला गप्प केलं." पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला ते हे सांगत होते. तिला एमएला घालायचं, असंही म्हणत होते. पण परीक्षा झाल्या झाल्या तिचं लग्न झालं, दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका बड्या बागायतदाराच्या घरी. गावाचं नाव घेत नाही.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. कडेवर लेकरू, हातात रेक्झिनची पिशवी. वाळून काटकी झालेली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा सर. तिनं पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता, पण लेकरू सावरताना तो सरकला आणि काय ते दिसलं.

"सर, मी तिथं ऱ्हायले तर विहिरीत घालतील मला. त्येनी तोंडानं सांगितलंय. आई घरात घील, पर आप्पा न्हाई म्हनत्यात. आप्पा तुमाला लई मानत्यात, सर. तुमी येऊन त्यांस्नी एक शब्द सांगा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "तू मोकळी आहेस, सुरेखा. राहायचं का निघायचं, ही निवड तुझी आहे. मी मध्ये पडून तुझ्या वडलांना सांगितलं, तर ती माझी निवड होईल. तुझी नाही."

तिनं जरा वेळ त्यांच्याकडं बघितलं. वर्गात प्रश्न विचारायच्या आधी बघायची, तसं. पण विचारलं काही नाही. "व्हय सर," म्हणाली आणि लेकराचं टोपडं सारखं करून निघून गेली.

मी म्हणालो, "सर, गाडी काढतो. आत्ता कवठ्याला जाऊ, तिच्या आप्पांना भेटू."

"तिला ठरवू दे, गायकवाड. आपण ठरवलं तर तिचं स्वातंत्र्य काय उरलं?"

स्वातंत्र्य! बापाचं दार बंद, नवऱ्याच्या दारात विहीर, आणि मध्ये हिचं स्वातंत्र्य. पुस्तकातलं वाक्य पुस्तकात शहाणं असतं. तेच वाक्य स्टाफरूममध्ये, लेकरू घेऊन उभ्या असलेल्या पोरीला सांगितलं की ते 'आपल्याला काय करायचंय' एवढंच उरतं, फक्त भाषा शुद्ध.

ती दौंडच्या गाडीत बसली, असं महादूमामानं सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडाला बातमी आली, पाय घसरून विहिरीत पडली.

तिचे सासरे जीप घेऊन स्वतः कॉलेजात आले. पांढरंफटक धोतर, बोलणं मऊ. "सर, सूनबाईचं तुमच्यावर लई ध्यान व्हतं. सारखी तुमचं नाव काढायची. दशक्रियेला तुमीच बोलायचं. दुसऱ्या कुनाला आमी सांगितल्यालं न्हाई." पोलिसांत अपघात म्हणून लिहून झालं होतं. आता गावासमोर तो अपघात ठरायचा राहिला होता, आणि त्यासाठी तिच्याच सरांइतका चांगला माणूस कोण मिळणार? सरांनी मान हलवली. होकाराची का कशाची, ते कळलं नाही.

आम्ही नदीवर पोहोचलो तेव्हा प्रवचन चालू होतं. सुरेखाची आई बायकांतून उठून थेट आमच्याकडं आली. रडत नव्हती. तिनं सरांना बाजूला घेतलं, मी शेजारीच होतो.

"सर, आज ह्ये झालं की बैठक हाय. लेकराला बघायला म्हनून माज्या धाकटीला, शोभीला, त्याच घरात द्यायचं घाटतंय. ह्यांचं बी डोकं फिरलंय, व्हय म्हनत्यात. माजं कोन ऐकतंय? सुरेखा तुमाकडं आली व्हती त्या दिवशी. ती काय म्हनली त्ये तुमी माईकवर सांगा. बाकी कायबी सांगू नका. तुमी सांगितलं तर चार मानसांत त्यांस्नी शोभीला मागायचं त्वांड ऱ्हायाचं न्हाई."

आता सगळं उघड होतं. गेलेलीला कुणी परत आणणार नव्हतं. पण घरी एक पोरगी जिवंत होती आणि तिचं काय व्हायचं ते या माणसाच्या जिभेवर होतं. सरांचं नाव पुकारलं. ते माईकपाशी गेले. समोर दोन गावं बसलेली, पुढारी, पांढऱ्या टोप्या, पलीकडं नदी.

"सुरेखा माझी विद्यार्थिनी होती," सर म्हणाले.

आणि गप्प झाले. तोंड उघडायचे, मिटायचे. माईक घुंई घुंई करत होता. मी मनात म्हणत होतो, बोला, सर, बोला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी पोकळी म्हटलं नाही, काळाचा घाला म्हटलं नाही. पण खरंही म्हटलं नाही. तसेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. शेवटी सूत्रसंचालकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माईक घेतला. "सरांच्या भावना आपण समजू शकतो." सगळा घाट हुंदके द्यायला लागला. सासरे पुढं येऊन सरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आजवर लई भाषनं ऐकली, सर. असं कुनाला जमलं न्हाई."

निघताना तिची आई वाटेत उभी होती. तिनं सरांना फक्त एवढंच विचारलं, "सर, तुमी बी रडायलाच आला व्हता व्हय?"

बैठक तिथंच झाडाखाली झाली. लेकराला मावशीवाचून दुसरं कोण, असं सगळ्यांचं एकमत झालं.

त्यानंतर सरांनी श्रद्धांजलीला जाणं सोडलं. जीप आली की महादूमामा सांगायचा, सर आजारी आहेत. त्या वर्षी त्यांनी अस्तित्ववाद ऑप्शनला टाकला आणि व्याकरण शिकवलं. मुलं खूश झाली, व्याकरणात मार्क पडतात. चहा मात्र पूर्वीसारखाच प्यायचे.

वर्ष उलटायच्या आत शोभाच्या लग्नाची पत्रिका आली. मी म्हणालो, जायचं नाही. सर म्हणाले, "जायचं. लग्नात मला आशीर्वादाला बोलावतील. माईक हातात आला की या वेळी सांगणार आहे." गाडीवर मागं बसून ते वाटभर पुटपुटत होते. वाक्यं जुळवत होते. न्हावऱ्याच्या पुढं एकदा म्हणाले, "सगळे उठून मारायला येतील, गायकवाड." मी म्हणालो, येऊ द्या, मी कबड्डीवाला आहे. खरोखर, मला त्या दिवशी त्या माणसाचा अभिमान वाटत होता.

मांडवात शिरताच आम्हाला पुढं नेलं. सरांच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला, शाल घातली, पुढाऱ्यांच्या रांगेत सोफ्यावर बसवलं. शोभा स्टेजवर होती. सुरेखासारखंच नाक, मान खाली. सरांचं नाव पुकारलं. ते उठले. माईक घेतला, एकदा शोभाकडं बघितलं, एकदा पुढच्या रांगेकडं.

आणि बोलले. अडखळले नाहीत, थांबले नाहीत. दोन घराण्यांचं नातं नियतीच्या आघातानंतरही कसं तुटलं नाही, मावशीच्या रूपानं लेकराला आई कशी मिळते आहे, या समंजसपणाचा आदर्श समाजानं कसा घ्यावा. जुन्या दिवसांतले तांबोळी सर. मांडवानं टाळ्यांचा कडकडाट केला. बायकांत बसलेली शोभाची आई उठली आणि आत, पंगतीचं बघायला गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

परतताना न्हावरं मागं पडलं. मग सर माझ्या कानाशी म्हणाले, "तिथं बोललो असतो तर राग तिच्यावर निघाला असता. पोरीला नांदायचंय तिथं." हे खरंही असेल. त्यांची कारणं नेहमी खरीच असायची, हाच त्यांचा रोग होता. मी गाडीचा वेग वाढवला.

शोभा नांदली. नांदली म्हणजे जिवंत आहे, एवढं मला माहीत आहे. सरांनी त्या उन्हाळ्यात संस्थेच्या लांबच्या कॉलेजात बदली मागून घेतली आणि आमचा संबंध संपला. पेपरातल्या त्या फोटोकडं बघून मला त्यांचं वर्गातलं बोलणं आठवलं, हसणं आठवलं. पण डोळ्यांसमोर जे उभं राहिलं ते त्या संध्याकाळचं.

शिरूरच्या स्टँडपाशी मी गाडी थांबवली. सर उतरले, शालीची घडी काखेत धरली आणि घराकडं चालायला लागले. दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं त्यांना बघून हसत होती. कुणीतरी ओरडलं, "काय सर, लग्नाला जाऊन आला जनू?" सरांनी हात वर केला, मान डोलावली. त्यांना वाटलं असावं, आज लोक फारच आपुलकीनं बघतायत. त्या घराचा गुलाबी फेटा अजून त्यांच्या डोक्यावर होता, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आणि मी ते सांगितलं नाही.